समुद्रातली बोअरची गाडी

“विका म्हनलं ना! आजच विका!”

जमनाबाई ओरडल्या आणि फरहानाच्या ऑनलाइन सेंटरमध्ये आधार कार्डासाठी बसलेल्या चार-पाच जणांच्या माना एकदम वळल्या. एक बाई तर पदर सावरून पुढं सरकून बसली. भांडण रंगणार असं दिसलं की बसतात तशी.

ज्यांच्यासाठी हे ओरडणं होतं ते देवसिंग मात्र काचेतून दिग्रसचा रस्ता पाहत होते. जिनिंगकडं निघालेला कापसाचा एक ट्रक चौकात अडकला होता आणि त्यांचं सगळं लक्ष तो ड्रायव्हर गाडी कशी काढतो याच्याकडं लागलं होतं.

“आँ?” ते वळून म्हणाले.

जमनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यांचा मूळचा आवाज हा नव्हता. लग्न होऊन आल्या तेव्हा सासू म्हणायची, ही पोरगी बोलते का ओठ हलवते तेच कळत नाही. पण बोअरच्या गाडीवर तीस वर्षं काढलेल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे आवाज चढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कॉम्प्रेसरच्या धडधडीनं देवसिंगांचे दोन्ही कान हळूहळू खाऊन टाकले होते, आणि ते जसजसे कमी ऐकू लागले तसतशा जमनाबाई मोठ्यानं बोलू लागल्या. दिवेलागणीला सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं वात लावताना त्या रोज मनात माफी मागत. महाराज, आज आवाज चढला तो रागाचा नव्हता, कानांचा होता. मंगळवारी तर कोणाला वाकडं बोलायचं नाही असं व्रतच होतं त्यांचं.

आज मंगळवार होता. आणि आजचा आवाज रागाचाच होता.

“चाचा,” काउंटरमागून फरहाना म्हणाली. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. “आज पुन्हा पडला. बाजार उघडला तसा लाल. चाची बरोबर बोलून राह्यल्या. जे उरलं ते तरी काढून घ्या.”

फरहाना ही कॉम्प्रेसर मेकॅनिक जफरभाईंची मुलगी. बी.कॉम. झालेली, हुशार, आणि तोंडानं गोड. शेजारीच बापाचं वर्कशॉप. देवसिंगांचं शेअरचं खातं तिनंच उघडून दिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा तिला रोज पश्चात्ताप होत होता.

“पडला तर पडला,” देवसिंग म्हणाले. “वर बी येईन.”

गोष्ट एवढीच होती. गेल्या वर्षी देवसिंगांनी आपली बोअरची गाडी तांड्यातल्याच बाबूसिंगला विकली. गुडघे गेले होते, गाडीही थकली होती. त्यातून फायनान्सवाल्याचं उरलेलं फेडलं, आणि जे राहिलं ते जमनाबाईंनी एका कामासाठी बाजूला काढलं. कान. शिबिरात फुकट मिळालेलं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं, ते त्यांनी दोन दिवसांत काढून कपाटात टाकलं होतं. यवतमाळच्या कानवाल्या मॅडमनं तपासून सांगितलं होतं की चांगली मशीनं बसवा, दोन कानांना दोन, बरंचसं ऐकू येईल. जमनाबाईंनी त्या दिवशी बसस्टँडवर पाव किलो पेढे घेतले होते.

आणि मग देवसिंगांना मोबाइलवर ती गाडी दिसली. समुद्रात तीन पाय रोवून उभी. वर मनोरा, रॉड, कामगार, सगळं त्यांच्याच धंद्यातलं, फक्त शंभरपट मोठं. तेलासाठी समुद्राच्या तळाला बोअर मारणारी. अशा गाड्या भाड्यानं देणारी एक कंपनी होती, रत्नसागर ड्रिलिंग नावाची, आणि तिचे शेअर कोणालाही घेता येत होते.

तेव्हा फरहानानं हात जोडून सांगितलं होतं, “चाचा, यात रिस्क असते. तेलाचा भाव पडला की अशा कंपन्या आधी आपटतात.”

देवसिंग हसले होते. ज्याला यातलं काहीच कळत नाही अशा लेकराकडं पाहून हसावं तसे. “बेटी, रिस्क कोनाले? बोअर खोदून घेनाऱ्याले. गाडीवाल्याले कायची रिस्क? म्या आयुष्यात किती कोरडे बोअर मारले, इचार तुह्या अब्बाले. पानी लागो, नाही लागो, आपले फुटाचे पैसे तं कोनी बुडवले नाही. ते बी तसंच हाये. तेल लागो, नाही लागो, गाडीचं भाडं सुरू.”

आणि घरी येऊन जमनाबाईंना मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं, “एका कानाच्या पैशात चार कान येतीन, पाह्य तू!”

सांगितलं ते पैसे भरून झाल्यावर. जमनाबाईंच्या मनात सलत होतं ते हेच. त्या गाडीवर पहिली आठ वर्षं आठ-आठ माणसांच्या भाकरी त्यांनी थापल्या होत्या, तीन दगडांच्या चुलीवर, गावोगावच्या शेतांच्या धुऱ्यांवर. गाडीच्या धुळीनं पीठसुद्धा करडं व्हायचं. त्या गाडीचे पैसे, आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही.

सुरुवातीला भाव थोडा चढला. देवसिंग तांड्यात चार जणांना बोअर आणि समुद्र यावर व्याख्यानं देत फिरले. मग भाव उतरू लागला. तेव्हा एका कानाचे पैसे गेले होते, दुसऱ्या कानाचे बँकेत होते. देवसिंगांनी ते काढले आणि पडलेल्या भावात आणखी शेअर घेतले.

“काहून?” असं जमनाबाईंनी तेव्हा कपाळावर हात मारून विचारलं होतं.

“तुले नाही समजत. बोअर अडीचशेवर सोडून देते तो मूर्ख. पानी दोनशे साठले असते. अजून पन्नास फूट जा लागते.”

आता एवढ्या सगळ्यांसमोर ते पन्नास फूट उलगडत होते.

“हे पाहा,” फरहाना म्हणाली. ती मोठ्यानं बोलत होती, पण तिच्या मोठ्या आवाजातही मऊपणा होता. जमनाबाईंना त्याचा क्षणभर हेवा वाटला. “तेलाचा भाव उतरला, तं आखातातल्या मोठ्या गिऱ्हाइकानं या कंपनीच्या तीन रिग, त्या समुद्रातल्या गाड्या, परत पाठवल्या. काम थांबवलं. करार होता, पण करारातच लिहिलेलं असते की त्यांना थांबवता येते. आता त्या रिग बंदरापाशी उभ्या आहेत.”

“उभ्या?” जमनाबाईंनी विचारलं.

“हो चाची. नुसत्या उभ्या.”

“अन् मानसं?”

“मानसं ठेवाच लागतात थोडी. मशीन गंजू नाही म्हणून चालू ठेवा लागते, विमा भरा लागते. अन् त्या रिग कर्ज काढून घेतल्या आहेत. त्याचा हप्ता...”

फरहानाला पुढं सांगावं लागलं नाही. शेअर, सर्किट, टक्के यातलं जमनाबाईंना ओ की ठो कळत नव्हतं, पण उभी गाडी म्हणजे काय ते या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. जून लागला की काळ्या रानात गाडी फसायची, म्हणून ती तांड्यात पिंपळाखाली उभी व्हायची. आणि मग गाडीसोबतची पोरं अंगणात पत्ते खेळत बसायची, दोन वेळा जेवायची, ड्रायव्हर पगार मागायचा, फायनान्सवाला फटफटीवर येऊन चहा पिऊन हप्ता मागायचा. गाडी चालली तर पोसते, उभी राहिली तर खाते. एका पावसाळ्यात तर तिनं जमनाबाईंच्या गळ्यातली चांदीची हासळी खाल्ली होती.

“अवो!” त्यांनी देवसिंगांच्या कोपराला धक्का दिला. “आयकलं काय? गाडी उभी हाये त्याईची! तीन-तीन गाड्या! आपली एक उभी राह्यली तं माही हासळी गेली होती!”

“समुद्रात काय चिखल होते?” देवसिंग म्हणाले. “तिथं गाडी फसत नाही.”

“फसली नाही, गिऱ्हाइकानं हाकलली!”

“मंग दुसरं गिऱ्हाईक भेटन.”

“अन् भेटेपर्यंत? कोन घालीन खायाले?”

बाकावरची बाई खुदकन हसली. देवसिंगांनी तिच्याकडं पाहिलं, मग फरहानाकडं, आणि हात उडवला. “कांयी कोनी,” ते आपल्या गोरबोलीत पुटपुटले, काही होत नाही म्हणून. जमनाबाईंना वाटलं, या माणसाला आता धरून गदागदा हलवावं. चाळीस वर्षांत अनेकदा वाटलं होतं, पण व्रत आड यायचं. आज व्रत तसंही मोडलंच होतं.

तेवढ्यात देवसिंगांच्या खिशात मोबाइल वाजला. तो त्यांना ऐकू येत नसे, थरथर जाणवे. त्यांनी तो काढला आणि सवयीप्रमाणं स्पीकर पूर्ण मोठा करून कानाजवळ धरला. त्यांचं खाजगी बोलणं असं काही नव्हतंच. ते ज्या रस्त्यात फोन घेत, त्या रस्त्याला सगळं कळे.

“काका, बाबूसिंग बोलून राह्यलो!” आवाजामागं कॉम्प्रेसर धडधडत होता, देवसिंगांचाच जुना. “मंगल कार्यालयाचा बोअर सुरू हाये. चारशे फूट झाले, कोरडी भुकटीच उडून राह्यली. पार्टी म्हनते थांबवा, पैसे नाही माह्याजवळ. काय करू?”

देवसिंगांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. सकाळपासून पहिल्यांदा कोणी त्यांना त्यांच्या ओळखीचं काही विचारत होतं.

“भुकटी कोनत्या रंगाची?”

“काळीच हाये काका. दगड कडक हाये.”

“मंग थांबतं कायले? हान अजून पन्नास फूट. पार्टीले सांग, देवसिंगकाकानं सांगतलं म्हनून.”

“पन्नास फूट!”

जमनाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज असा काही निघाला की शेजारच्या वर्कशॉपमधली ठोकाठोकही थांबली.

“पन्नास फूट सांगत होते तुमी लोकाईले, तवा फुटाचे पैसे तुमच्या खिशात जात होते! कोरडं लागलं तरी तुमचं भागत होतं! आता तुमी गाडीवाले नाही हाये. आता तुमी पार्टी हाये! खड्डा तुमचा, पैसे तुमचे, अन् पानी लागन का नाही ते त्या समुद्रवाल्याले बी नाही माहीत. आता कोनाले सांगून राह्यले अजून पन्नास फूट?”

सेंटरमध्ये प्रिंटर तेवढा खर्र खर्र करत राहिला.

हे देवसिंगांना ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द. त्यांच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला, आणि त्यातून बाबूसिंग “काका? काका?” करत राहिला.

किती वेळा त्यांनी तसं म्हटलं असेल! शाळांना, कार्यालयांना, दुकानदारांना, शेतवाल्यांना. अजून पन्नास फूट. काही वेळा पाणी लागलंही होतं, तेच ते सगळ्यांना सांगत. जिथं लागलं नाही तिथं गाडी आवरून पुढच्या गावी निघून जात, आणि मागं उभा असलेला माणूस आरशात लहान होत जाई. जमनाबाई तेव्हा केबिनमध्येच बसलेल्या असत. त्यांनाही ती माणसं दिसत. दोघंही त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

देवसिंगांनी मोबाइल पुन्हा कानाशी नेला.

“बाबू,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम साधा झाला. “पार्टीले इचार. पैसे त्याचे हायेत. तो थांब म्हनते तं थांबव. माहं नाव नको सांगू.”

फोन बंद करून ते काउंटरकडं वळले. “बेटी, विकून टाक.”

“सगळे?”

त्यांनी जमनाबाईंकडं पाहिलं. जमनाबाईंनी मान हलवली.

“सगळे.”

पण विकायचं म्हटलं म्हणजे लगेच विकलं जातं असं नव्हतं. फरहानानं बटणं दाबली, मग कपाळाला आठ्या घालून पडद्याकडं पाहत बसली. सगळेच विकायला निघाले होते. घेणारं कोणी नव्हतं.

“मंग भाव कमी कर,” देवसिंग म्हणाले. बाजारात उरलेली वांगी संध्याकाळी देतात तसं.

“आज याच्यापेक्षा कमी करता येतच नाही, चाचा. एका दिवसात किती पडायचं त्याची हद्द असते. ती झाली. आता घेणारा येईपर्यंत रांगेत उभं राहायचं.”

“आपलाच माल, अन् विकाले रांग?” जमनाबाई म्हणाल्या.

“हो चाची.”

“बाप्पा!”

त्या बाकावर बसल्या. आधारवाले गेले, नवे आले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक जण आला, रडक्या बाळाला घेऊन एक बाई आली, आणि दर वेळी फरहाना एकीकडं त्यांचं काम करी नि दुसरीकडं पडद्याच्या कोपऱ्यातली रांग पाही. जमनाबाई दर थोड्या वेळानं विचारत, “आला का कोनी?” आणि ती मानेनं नाही म्हणे. वैताग असा होता की तो कोणावर काढावा हेही समजत नव्हतं. समुद्र दिसत नव्हता, ती कंपनी दिसत नव्हती, घेणारा कोण कुठला तोही दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले देवसिंग, आणि त्यांच्यावर आता ओरडवत नव्हतं.

दुपारी जफरभाई वर्कशॉपमधून आले. ग्रीसचे हात पायजम्याला पुसत, येता येता चहा सांगत.

“क्या देवसिंगभाऊ, विकला का नाही समुद्र?” ते दारातूनच गरजले. त्यांचेही कान कॉम्प्रेसरनंच खाल्लेले. हे दोघं एकमेकांशी बोलू लागले की गल्लीत कोणाला दुसरं काही बोलता येत नसे.

“गिऱ्हाईक नाही, जफरभाई!”

“मले देऊन टाका! वर्कशॉपसमोर उभी करतो ते गाडी. पोट्टे खेळतीन!”

देवसिंग हसले. जमनाबाईंनाही हसू आलं आणि त्याचाच राग आला. “तुमी दोघं बी एका माळेचे मनी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कॉम्प्रेसरनंच तं हे केलं, भाई.”

“कॉम्प्रेसरनं कान खाल्ले भाभी, अक्कल त्यानं नाही खाल्ली. ते आधीपासूनच तशी होती.” जफरभाईंनी चहाचा ग्लास देवसिंगांच्या हातात ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून तिथंच बसून राहिले.

बाजार बंद व्हायला थोडा वेळ उरला होता तेव्हा फरहाना एकदम ताठ झाली. “आला! चाची, आला कोणीतरी. थोडे गेले... अजून थोडे...” आणि मग थांबलं. सगळे गेले नव्हते, पण निम्म्याच्या वर गेले होते.

“कोनं घेतले?” देवसिंगांनी विचारलं.

“ते नाही समजत.”

“त्यानं कायले घेतले असतीन?”

“त्यालाही वाटलं असेल, आता वर येईल म्हणून.”

देवसिंग बराच वेळ त्या पडद्याकडं पाहत राहिले. तिकडं कोणत्या गावात, कोणत्या बाकावर तो माणूस बसला असेल याचा ते विचार करत असावेत. त्याला थांबव म्हणून सांगायला त्यांच्याजवळ नंबर नव्हता.

उरलेले शेअर पुढच्या आठ-दहा दिवसांत, रोज आणखी खालच्या भावात, थोडे थोडे करून गेले. फरहानानं या कामाचे आपले पैसे घेतले नाहीत. जमनाबाईंनी आग्रह केला तर म्हणाली, “चाची, अल्लासाठी राहू द्या. हे खातं उघडून दिलं त्यानंच मले झोप नाही.” सगळं जमवून जे हातात आलं त्यात एका कानाचं मशीन बसत होतं. एकाच.

यवतमाळला कानवाल्या मॅडमच्या हाताखालची मुलगी त्यांना आत घेऊन बसली. लहानशी खोली, भिंतींना मऊ अस्तर, बाहेरचा ऑटोंचा आवाजसुद्धा येत नव्हता. तिनं देवसिंगांना बटण दाबायला देऊन पुन्हा सगळं तपासलं.

“एकच घ्यायचं तर उजव्या कानाला घ्या, काका,” ती मोठ्यानं म्हणाली. “उजव्यात जास्त उरलंय. डाव्यात बसवून तितका फायदा नाही.”

“डाव्याले बसव,” देवसिंग म्हणाले.

“अहो, पण उजवा...”

“डाव्याले.”

मुलगी हताश होऊन जमनाबाईंकडं वळली. “आजी, सांगा ना त्यांना. पैसे वाया जातील.”

जमनाबाईंच्या तोंडावर ते शब्द आलेच होते, की आता इथंही ह्यांचंच खरं? एवढ्या वर्षांचा हा हट्ट कुठं नेऊन टाकू? त्यांनी आवाज चढवायला श्वासही घेतला.

“हे डाव्या बाजूनं बसते,” देवसिंग जमनाबाईंकडं बोट करून त्या मुलीला समजावून सांगत होते. “ट्रकात ड्रायव्हरच्या डाव्या हाताले बसते ना मानूस. पह्यल्यापासून डाव्याच बाजूनं बसते हे. मंग उजवा कान घेऊन काय करू मी?”

जमनाबाईंचा घेतलेला श्वास तसाच राहिला. खरंच, त्या आताही त्यांच्या डावीकडच्याच खुर्चीत बसल्या होत्या. सेंटरच्या बाकावर, एसटीत, ओट्यावर, जेवताना. त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. यांनी दिलं होतं.

त्यांनी हातानंच त्या मुलीला खूण केली, की उजव्याला बसव.

मुलीनं मशीन बसवलं, मागची नळी नीट केली, कॉम्प्युटरवर काहीतरी खालीवर केलं. देवसिंग दचकले. पंखा, म्हणाले. मग मुलीच्या हातातल्या पेनचं टोपण, मग स्वतःच्याच शर्टाची सळसळ. ते हात हळूच वर-खाली करून ती सळसळ पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

जमनाबाई उठल्या. पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, त्यांच्या मागून वळसा घालून उजवीकडं आल्या, आणि तिथली खुर्ची जवळ ओढून बसल्या. नवीन जागा होती. पदर कोणत्या खांद्यावर घ्यावा हेही क्षणभर त्यांना सुचेना.

या कानात काय काय सांगायचं ते त्यांनी रात्र रात्र जागून ठरवलं होतं. त्यातलं आता फारसं काही उरलं नव्हतं. एक तेवढं उरलं होतं. त्या पुढं झुकल्या आणि लग्न होऊन आल्या तेव्हाच्या आवाजात म्हणाल्या,

“पुढच्या टायमाले मले इचारजा.”

“काही म्हणालात का, आजी?” मुलीनं कॉम्प्युटरवरून मान वर करून विचारलं.

“तुले नाही, बेटी,” देवसिंग म्हणाले. “मले म्हनलं तिनं.”